टेन्शन घेऊ नको म्हणणाऱ्या सगळ्यांना

अमळनेर स्टेशनवर आम्ही इतके लवकर पोचलो होतो की आमच्या आधीची एक गाडी येऊन गेली, फलाट झाडून झाला, चहावाल्यानं नवं आधण ठेवलं, तरी आमच्या गाडीची घोषणासुद्धा नव्हती. हे सगळं आप्पांमुळे. आप्पा म्हणजे माझे वडील, पारोळ्याजवळच्या आमच्या गावात वायरमन होते. माझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता आणि मी नवऱ्याबरोबर पहिल्यांदाच सिल्वासाला निघाले होते. अशा वेळी वडील डोळे पुसतात, डोक्यावरून हात फिरवतात, असं मी ऐकून होते. माझे आप्पा ओरडत होते. बॅग तिथं कशाला ठेवली, चेन लावली का, तिकीट कुणाजवळ आहे, दाखव, परत ठेव, नीट ठेव. आईनं बिबड्यांचा डबा आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाची पिशवी पुढे केली तर तिच्यावर ओरडले, एवढं ओझं पोरीनं न्यायचं कसं म्हणून. गाडी आली तेव्हा हमालावर ओरडले. गाडी सुटली तेव्हा खिडकीबरोबर चालत राहिले, आणि त्यांचे निरोपाचे शब्द होते, "हात बाहेर काढू नको! तुले समजस का काही?"

मी चिडून म्हटलं, "जा ना आता घरी, आप्पा!"

असं आमचं निघणं झालं. सुरतेला गाडी बदलेपर्यंत मी भूषणशी, म्हणजे नवऱ्याशी, एक शब्द बोलले नाही. समोर मी त्यांना 'अहो' म्हणते. इथे भूषण म्हणणार, लिहिताना कुणी टोकत नाही.

हे मी कुणासाठी लिहितेय तेही सांगून टाकते. एक तर तुमच्यासाठी, जे गावात राहिलात आणि फोनवर आम्हाला उपाय सांगता. आणि तुमच्यासाठीही, जे आमच्यासारखे वापी, सुरत, पुणे किंवा आणखी लांब गेलात, आणि ज्यांच्या पर्समध्ये, खिशात, गाडीच्या डॅशबोर्डवर ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी कायम असते. दोन्हीकडच्या लोकांवर मी वैतागलेली आहे. स्वतःवर जरा जास्त.

सिल्वासा मला आवडलं हे आधीच सांगते, कारण पुढे त्या बिचाऱ्या गावावर बराच आळ येणार आहे. आमच्याकडे सगळे त्याला सेलवास म्हणतात. भूषण राखोलीच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला होता. मी केमिस्ट्री घेऊन शिकलेली, मला जवळच्याच सायली गावात धाग्याच्या कारखान्यात लॅबमध्ये नोकरी मिळाली. धागा मशीनवर ताणायचा, कुठे तुटतो ते बघायचं, माल पास किंवा फेल करायचा. सुपरवायझर हिंदीत ओरडायचा, ऑफिसवाले गुजरातीत बोलायचे, आणि मी मनातल्या मनात अहिराणीत शिव्या द्यायचे. आमच्या मजल्यावर एक कुटुंब शिरपूरचं, एक बिहारचं, एक वलसाडकडचं. सुरंगी गावाकडून भाजी घेऊन येणारी बाई माझ्याशी तिच्या वारलीत बोलायची, मी तिच्याशी माझ्या मराठीत, आणि भाजी बरोबर मिळायची. मुलगी झाली, स्वरा. ती तर एका वाक्यात तिन्ही भाषा वापरते, "मम्मी, मने भूक लागली, कुछ दे ना."

पुढे मी लॅबची इन्चार्ज झाले. घर दमणगंगेपासून फार लांब नव्हतं, संध्याकाळी वारा यायचा. सगळं बरं चाललं होतं. हेच वाक्य मी पुढे प्रत्येक डॉक्टरला सांगितलं आणि ते खरं होतं. म्हणूनच तर डोकं फिरतं. काही वाईट घडलं असतं तर निदान बोट दाखवायला जागा राहिली असती.

सुरुवात दाढेपासून झाली. सकाळी उठलं की जबडा दुखायचा. डेंटिस्ट म्हणाला, झोपेत दात खाता तुम्ही. मी म्हटलं, मी कुणाचेही दात खात नाही. मग पोट. कारखान्याच्या गाडीची वेळ झाली की पोटात ढवळायचं आणि चपला काढून पुन्हा आत पळावं लागायचं. त्याला ॲसिडिटी ठरवलं. मग बोटांना मुंग्या. त्यासाठी व्हिटॅमिनची इंजेक्शनं. मग श्वास. वरचेवर मोठा श्वास घ्यावासा वाटायचा आणि तो पुरा व्हायचाच नाही, म्हणून परत घ्यायचा. त्या दिवसांत सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी काही दिवस माझे उसासे ऐकले आणि एक दिवस भूषणला म्हणाल्या, "मी आल्यापासून तुझी बायको उसासे टाकते. मी नको असेन तर तसं सांग, जाते मी." त्यांना समजावता समजावता माझा श्वास आणखी अडकला, म्हणजे आणखी उसासे. त्या गेल्याच शेवटी.

गावाहून अवेळी फोन आला की माझे हात गार पडायचे. उचलेपर्यंत मी आईला दवाखान्यात पोचवलेलं असायचं, आप्पांना त्याहून पुढे. आणि पलीकडून आई विचारायची, "भाजी काय केली आज?" मग मी तिच्यावरच खेकसायचे, हे विचारायला आत्ता फोन करतात का? गॅसचं बटण बंद केलं की नाही ते बघायला फाटकापासून परत यायचे. बंदच असायचं. बंद आहे याचाही राग यायचा. कुकरची शिटी नको, भूषणच्या चपलांचा आवाज नको, लॅबमध्ये कुणी पेनचं बटण टकटक केलं की त्याला मालाबरोबर फेल करावंसं वाटायचं.

लक्षात घ्या, यातल्या कशालाच मी भीती म्हटलं नसतं. मला कशाची भीती वाटत नव्हती. मला फक्त सगळ्यांचा राग येत होता. घरात सगळे म्हणायचे, ही आप्पांवर गेली, तापट आहे. आणि तापट माणसाला कोण विचारतं, तुला बरं वाटत नाही का म्हणून? लोक लांबून जातात.

एका सकाळी कारखान्याच्या व्हॅनमध्ये बसले होते. शेजारी हेतलबेन, आमच्या अकाउंट्समधल्या. सायलीच्या वळणावर ट्रक अडकले होते, गाडी थांबलेली. कुणी काही बोललं नाही, काही झालं नाही. आणि अचानक माझ्या छातीत कुणीतरी आतून दार बडवायला लागलं. घाम फुटला. हाताची बोटं वाकडी होऊन आखडली, ओठ बधिर झाले. मला स्पष्ट कळलं की मी मरतेय, आणि पहिला विचार काय आला, तर डबा तसाच राहणार, भरलेली वांगी आहेत, खराब होतील.

"बेन, शुं थयुं? बेन!" हेतलबेननं माझे हात चोळायला सुरुवात केली. ड्रायव्हरनं गाडी उलटी फिरवून सरळ दवाखान्यात नेली. छातीला चकत्या चिकटवून ईसीजी काढला. रक्त घेतलं. भूषण राखोलीहून युनिफॉर्मवरच धावत आला, हाताला ग्रीस तसंच. तोवर माझी धडधड उतरली होती आणि मी ओशाळून पंख्याकडे बघत पडले होते.

डॉक्टर तरुण होता. कागद बघून म्हणाला, "सब नॉर्मल है. कुछ नहीं हुआ. टेन्शन मत लो."

सिस्टरनं सुई काढताना सांगितलं, "टेन्शन नहीं लेवानुं, बेन." घरी आल्यावर शिरपूरच्या काकू म्हणाल्या, "टेन्शन घेऊ नको गं बाई." तीन भाषांत एकच उपदेश. मला सांगा, टेन्शन काय पंगतीत वाढत फिरतात का, की मी पानावर हात आडवा धरला म्हणजे वाढपी पुढे सरकेल? आणि 'काही झालं नाही' म्हणजे काय? मग व्हॅनमध्ये मरत होती ती कोण होती? काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. हृदयात एखादं बारीकसं काही. म्हणजे लोकांनी नीट चेहरा करून सफरचंदं तरी आणली असती.

मग गावाहून फोनवर पंचायत बसली. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. जाऊबाई म्हणाल्या, ज्वारीची भाकरी सोडली म्हणून अशक्तपणा. आणि आप्पा फोनवरही ओरडलेच, "ती केमिकलनी हवा शे! माणूस ऱ्हास का तठे? घर ये!" तिथं माणूस राहतो का, म्हणे.

खरं सांगते, मला ते पटलं. आप्पांचं मला आयुष्यात पहिल्यांदा पटलं. चिमण्या, धूर, बॉयलरचा वास, ट्रक, हेच असणार. मी इथली नाही, माझं शरीर इथलं नाही, ते परत जा म्हणून सांगतंय. मी भूषणला म्हटलं, आपण नोकऱ्या सोडू, अमळनेरला काहीतरी करू. तो बिचारा इतका घाबरला होता की हो म्हणाला. कंपनीत बोलतो म्हणाला. उन्हाळ्याची सुट्टी लागत होती, मी रजा टाकली आणि स्वराला घेऊन माहेरी गेले. मनात पक्कं होतं की सामान आणायलाच काय ते परत यायचं.

पहिले काही दिवस छान गेले. आईच्या हातची कळण्याची भाकर, ठेचा, दुपारची झोप. जबडा दुखेना. बघा, हवाच होती, असं मी भूषणला फोनवर सांगितलं. तोही खूश झाला, बहुतेक मी ओरडले नाही म्हणून.

आमच्याकडे उन्हाळ्यात बिबडे घालतात, ज्वारीच्या चिकाचे पापड. गल्लीतल्या बायका आमच्या अंगणात जमल्या होत्या. कुणी चीक शिजवत होतं, कुणी ओल्या फडक्यावर पसरत होतं, चेष्टामस्करी चालू होती. मी मजेत होते. हातात वाटी होती. आणि छातीतलं ते दार बडवणं सुरू झालं.

मी उठून आत गेले आणि माठाशेजारी गार फरशीवर बसले. बोटं आखडायला लागली होती. पण या वेळी मरणाचा विचार नाही आला, संताप आला. इथेसुद्धा? इथे तुझं काय काम? ना ट्रक, ना धूर, ना सुपरवायझर. आईच्या घरात, आईच्या माठाशेजारी? एवढा प्रवास करून मी ज्याच्यापासून पळून आले ते माझ्याच बरोबर, माझ्याच तिकिटावर आलं होतं. बाहेर बायका हसत होत्या आणि मी आत बसून चरफडत होते. रडले नाही. एखादं बिऱ्हाड जागा सोडत नाही आणि आपल्यालाच दम देतं, तेव्हा घरमालकाला काय होत असेल तसं मला झालं होतं.

कुणाला सांगितलं नाही. ऊन लागलं म्हणाले.

मग मावशीच्या मुलाचा साखरपुडा आला, अमळनेरलाच. कार्यक्रम दुपारचा. आप्पा सकाळपासून आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, अंगणात येरझाऱ्या घालायला लागले. आई स्वराची वेणी घालत होती. "अजून वेणीच?" आप्पा आत आले. "कुलूप कुठाय? किल्ली कुठाय? गाडी काय तुमच्यासाठी थांबणार आहे?" मग ते मागच्या दारानं संडासाकडे गेले. परत आले, पुन्हा ओरडले, पुन्हा गेले. कुलूप लावलं, ओढून पाहिलं, चार पावलं गेले आणि परत येऊन पुन्हा ओढून पाहिलं. लहानपणापासून हे मी बघत आलेय. दर वेळी मीही चिडायचे आणि आमचं कुठलंही जाणं भांडणानंच सुरू व्हायचं.

त्या दिवशी मात्र मी ओसरीवर बसून त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. त्यांच्या कानाखाली एक स्नायू सारखा उडत होता. आवळतोय, सुटतोय, आवळतोय. माझ्याच जबड्याकडे मी बाहेरून बघतेय असं मला वाटलं. अंगठा बोटांच्या टोकांवरून फिरत होता, मुंग्या आल्यावर मी फिरवते तसा. आणि मध्येच त्यांनी एक लांब, अर्धवट राहिलेला श्वास घेतला.

"आप्पा," मी विचारलं, "पोटात ढवळतंय का?"

ते थबकले. मग एकदम उसळले. "मले काय व्हयनं? मी काय सांगी राहिनू आनि तू काय इचारी राहिनी? चप्पल घाल!"

आई वेणीला रिबन बांधत होती. आप्पा अंगणात गेल्यावर ती हळूच म्हणाली (अहिराणीतच म्हणाली, पण सगळ्यांना कळावं म्हणून मी अशी लिहिते), "ढवळतं. लग्न झाल्यापासून बघतेय. कुठे जायचं असलं, कुणी यायचं असलं, की आदल्या दिवसापासून जेवण जात नाही त्यांना. तुझ्या लग्नाच्या आधी आठवडाभर नुसत्या ताकावर होते."

"मग तू कधी बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? तापट माणूस आहे म्हणायचं, झालं. तुझंही तसंच म्हणते."

आमच्या गावात वादळात तारा तुटल्या की लोक आप्पांच्या नावानं हाका मारत यायचे. पावसात, निसरड्या खांबावर हा माणूस चढायचा आणि सगळं गाव मान वर करून बघायचं. न घाबरणारा म्हणून त्यांची ख्याती होती. आणि हाच माणूस साखरपुड्याला जायला घाबरत होता. सगळं आयुष्य. आणि आम्ही त्याला राग म्हणत होतो, तोही म्हणत होता.

मला कणव यायला हवी होती. ती आली, पण मागाहून. आधी आली ती चीड. इतकी वर्षं एका घरात दोन माणसांना एकच गोष्ट होत होती आणि आम्ही ती ओळखायची सोडून एकमेकांवर ओरडत बसलो होतो!

परत आले. सिल्वासावर घेतलेला आळ मागे घेतला. नोकरी सोडायची नाही म्हणून सांगितलं तेव्हा भूषणनं डोक्याला हात लावला, कारण त्यानं कंपनीत बोलायला सुरुवात केली होती. मी म्हटलं, मला मनाच्या डॉक्टरकडे जायचंय. तो हळूच म्हणाला, "पण तू वेडी थोडीच आहेस? कारखान्यात कळलं तर?" मी म्हटलं, "कारखान्यात मी मेले असते तर ते कळलंच असतं ना?" गाडी काढ म्हटलं. त्यानं काढली.

डॉक्टरबाई पालघरकडच्या, मराठी बोलणाऱ्या. फार काही देवमाणूस वगैरे नव्हत्या. बाहेर गर्दी, टेबलावर फोन सारखा उजळत होता आणि त्यांचा एक डोळा तिकडे. मी तेवढ्यावरूनही चिडले. त्यांना सांगितलं, माझं सगळं नॉर्मल आहे, मला टेन्शन घेऊ नको म्हणून सांगू नका. त्यावर त्यांनी फोन उलटा ठेवला.

"ईसीजी नॉर्मल आहे म्हणजे हृदय चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काही झालंच नव्हतं, असा त्याचा अर्थ नाही. झालं होतं."

एवढंच. पण तोवर कुणी एवढंही म्हटलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "राग येतो त्याच्या जरा आधी अंगात काय होतं?" मी म्हटलं, आधी काही होत नाही, सरळ रागच येतो. त्या म्हणाल्या, "बघा बरं. लिहून बिहून ठेवू नका. नुसतं ओळखायला शिका. काही जणांच्या चिंतेला भीतीचा चेहरा नसतो, चिडचिडीचा असतो." थोडे महिने घ्यायची एक गोळी दिली, दर आठवड्याला बोलायला बोलावलं, आणि श्वास सावकाश बाहेर सोडायला शिकवलं. या वयात श्वास सोडायला शिकायचं! पहिले कित्येक दिवस त्या श्वासाचाही मला राग यायचा.

पण ओळखायला लागले. राग येण्याच्या आधी खरंच बरंच काही होतं. जीभ टाळूला चिकटते. खांदे कानाकडे सरकतात. बुटात पायाची बोटं वळतात. बोलण्याचा वेग वाढतो आणि माझी हिंदी एकदम सुधारते. एकदा ऑडिटच्या दिवशी आमच्या लॅबमधल्या माणसानं दोन नमुन्यांच्या चिठ्ठ्या उलटसुलट लावल्या. मी तोंड उघडलं आणि मला बुटातली बोटं जाणवली. बेसिनशी गेले, मनगटांवर पाणी घेतलं, श्वास सोडला. परत येऊन त्याला झापलंच, पण फक्त चिठ्ठ्यांबद्दल. त्याच्या अकलेबद्दल, गावाबद्दल, पुढच्या आयुष्याबद्दल काही बोलले नाही. तो इतका गोंधळला की त्यानं विचारलं, "मॅडम, बस इतना ही?"

भूषणही शिकला. टेन्शन घेऊ नको म्हणायचं त्यानं सोडलं. माझा आवाज चढला की तो दुसऱ्या खोलीतून एकच शब्द टाकतो, "जबडा." कधी कधी त्या शब्दानंच मी भडकते. पण जबडा सैल करावाच लागतो, कारण तो आवळून धड ओरडताही येत नाही.

धडधड पूर्ण गेली का? नाही. येते अजून. आता ती आली की मी तिला ओळखते, एवढाच फरक. हा फरक लहान आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सायलीच्या त्या वळणावर व्हॅनमध्ये मरून बघावं.

राहता राहिले आप्पा. फोनवर त्यांना सांगून बघितलं तर म्हणाले, ही शहरातली थेरं आहेत. शेवटी भूषण काही कामानं गावी गेला होता, तेव्हा आईनंच त्याला सांगितलं, "जावईबापू, यांना घेऊन जा. मी म्हशीचं बघते." प्रवासभर आप्पांनी भूषणला काय काय ऐकवलं ते तो मला अजून पूर्ण सांगत नाही. वापीला उतरल्यावर रिक्षावाल्याशी वाद, सिल्वासात लिफ्टशी वाद. आमच्या डाळीत गूळ पडायला लागलाय म्हणून माझ्याशी वाद. दवाखान्यात पोचलो तर नंबर यायला उशीर, म्हणून तिथल्या मुलीशी वाद. "पोरीच्या समाधानासाठी आलोय," ते प्रत्येकाला सांगत होते. "मला काही झालेलं नाही."

आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी त्यांना साधंच विचारलं, "प्रवासाच्या आधी जेवण जातं का?"

त्या उत्तरासाठी थांबल्या. मीही थांबले, आणि ते मला फार जड गेलं, कारण उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. आप्पांनी डॉक्टरांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "खांबावर बरं होतं. धरायला खांब होता. खाली काय धरू?"

आणि मग, जवळजवळ तक्रारीच्या सुरात, "मले भेव वाटस, माय. कसानं ते माहीत नही."

मला भीती वाटते, कशाची ते माहीत नाही. पोरीला 'माय' म्हणायची आमच्याकडे रीत आहे. पण त्यांनी मला तसं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. मी त्यांचा हात धरला तर तो बर्फासारखा गार होता. माझाही होता.

आप्पा राहिले. गोळी घेतात, रोज कुरकुर करून. श्वास सोडायला मी शिकवते तर मलाच दम देतात, "तू चुकीचा सोडी राहिनी!" दोघं सोफ्यावर बसून श्वास सोडण्यावरून भांडतो. स्वरा म्हणते, "नानाजी अने मम्मी सेम टु सेम." संध्याकाळी ते नदीकडे चक्कर मारून येतात. वाटेत त्यांना पारोळ्याकडचा एक वॉचमन भेटला, त्याच्याशी त्यांची गट्टी जमली. येऊन मला सांगतात, "त्याच्याही पोटात ढवळतं." जणू काही गाववाला सापडला.

परवा आईचा फोन आला. माझे हात अजूनही गार पडले, पण मी फोन उचलला आणि तिच्यावर ओरडले नाही. तिला आप्पांशी बोलायचं होतं. "घरी केव्हा येता?" तिनं विचारलं. आप्पा खिडकीतून बघत राहिले. इथून कारखान्यांच्या चिमण्या दिसतात, त्यांच्या पलीकडे डोंगर. मग म्हणाले, "तूच ये. म्हैस दे कोनले तरी सांभाळाले."

आई आली. एकटी. आम्ही सगळे जिवाचा आटापिटा करत वापी स्टेशनवर उभे, आणि ही बाई शेंगा सोलत गाडीतून उतरली. म्हणाली, "इतका निवांत प्रवास मी जन्मात केला नव्हता. कुणी ओरडायलाच नव्हतं."

गावातले विचारतात, घरी कधी येणार? इथले विचारतात, घरी कधी जाणार? पूर्वी दोन्ही प्रश्नांनी मी गोंधळायचे. कुठेतरी एक जागा असेल, जिथे पोचलं की शरीर आपोआप शांत होईल, आणि तेच घर, असं मी धरून चालले होते. त्या आशेवर मी इथली नोकरी सोडायला निघाले होते. तशी जागा नाही. असलीच तर मला सापडली नाही, आणि आता मी ती शोधत नाही. मला बरं वाटत नाहीये असं मी म्हटलं, तर खोलीतलं कुणीतरी ऐकतं की नाही, एवढंच मी बघते.

आज रविवार. आई स्वयंपाकघरात आहे. आप्पा म्हणतायत की वांग्याचं भरीत मी चुकीच्या वांग्यांचं करतेय, इथली वांगी भरताची नाहीतच. मी म्हणतेय की मग तुम्ही आणायची होती. आवाज चढलेत, शेजारच्या काकूंनी दार लावून घेतलंय. आई भाकरी थापता थापता थांबली आणि तिनं आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"कोणाला भेव वाटतंय आज?" तिनं विचारलं. "तुम्हाला, की हिला?"

आम्ही दोघांनी एकदमच हात वर केले.